किल्ल्यातील कमल बस्ती : एका मंदिराची आणि दोन लिप्यांची कथा

बेळगावास येणाऱ्या पाहुण्यास जुनी वास्तू दाखवायची म्हटले की आपली मंडळी त्याला कॅम्पातील सेंट मेरी चर्चकडे नेतात. चर्च देखणे आहे, कमानी टोकदार आहेत, पाहताच मध्ययुगीन युरोपाची आठवण होते. पण ते एकोणिसाव्या शतकातले, इंग्रजांनी आपल्या गावाकडच्या चर्चची आठवण म्हणून बांधलेले. खरोखरीचे मध्ययुगीन देवालय पाहायचे असेल तर किल्ल्याचा खंदक ओलांडावा, दारातल्या गणपतीला आणि दुर्गेला नमस्कार करावा आणि कमल बस्तीत जावे. निपाणीहून नोकरीनिमित्त बेळगावी आलेले आम्ही तिथे प्रथम गेलो ते केवळ जेवणाच्या सुट्टीत सावली शोधत. त्या सावलीचे वय आठशे वर्षांचे आहे, हे कळायला आम्हाला बराच काळ लागला.

ही बस्ती इ. स. १२०४ मधली. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती बांधविली. त्या काळी रट्टांची राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामी, म्हणजे बांबूंच्या गावी, आपल्या आजच्या बेळगावी आली होती. बांधणी उत्तर चालुक्य शैलीची. गाभाऱ्यात नेमिनाथ तीर्थंकरांची काळ्या पाषाणातील मूर्ती आहे. मंडपातील खांब चरकावर फिरवून घडविल्यासारखे गोल आणि इतके गुळगुळीत की त्यांवर हात ठेवल्यावाचून राहवत नाही.

पण खरे वैभव डोक्यावर आहे. इथे चर्चसारखी कमान कुठेच नाही. दगडाची वर्तुळे एकावर एक, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवीत रचली आहेत आणि त्यांतून घुमट साधला आहे. कमानीत दगड एकमेकांना रेटून धरतात. इथे प्रत्येक थराला मागच्या वजनाचा आधार. या घुमटाच्या मध्यातून एक दगडी कमळ खाली लोंबते. त्याला ७२ पाकळ्या : भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकरांसाठी. मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे असे हे काम आहे, आणि बस्तीला नाव पडले तेही याच कमळामुळे.

आता थोडे अडचणीचे. या भूमीवर आधी कोण होते, हा वाद आपल्या घरांत १९५६ पासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, जेवणाच्या पानावर वाढला गेला आहे. आम्हीही तो चवीने खाल्ला. रट्ट मात्र त्यात कोणाच्याच पंगतीला नीट बसत नाहीत. ते स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजे मराठवाड्यातील लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बिरूद लातूरचे, राजधानी बेळगाव, आणि कोरलेले लेख कन्नडमधले!

याहून मौजेची गोष्ट याच किल्ल्यातील साफा मशिदीत आहे. आदिलशाहीतील सरदार असदखान लारी याने ती १५१९ मध्ये बांधली. तिच्यात जुन्या मंदिरांचे खांब वापरले असून त्यांतील दोहोंवर लेख आहेत. एक ११९९ चा, याच कार्तवीर्याचा. दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या कृष्ण यादवाचा. यादव म्हटले की आपली छाती फुगते. पण दोन्ही लेखांची भाषा कन्नड आहे आणि लिपी नागरी. आम्ही एकदा परवानगी काढून एका कन्नड सहकाऱ्यासोबत तिथे गेलो होतो. आम्हाला काही अक्षरे ओळखू येत, अर्थ लागत नसे. आम्ही अक्षर उच्चारले की ते क्वचित एखाद्या शब्दाचा अर्थ सांगत. तासाभरात दोघांना मिळून जेमतेम चार शब्द लागले. खात्याच्या कन्नड परीक्षेसाठी आम्ही जी कुरकुर केली होती, तिची त्या दिवशी थोडी लाज वाटली.

मंदिरांचे कोरीव दगड किल्ल्याच्या तटातही जागोजाग दिसतात. १०८ बस्त्या मोडून हा किल्ला बांधला, अशी दंतकथा लहानपणापासून कानावर आहे. आकडा कथेचा, दगड मात्र खरे.

बस्तीच्या दानाची हकीकत सांगणारे दोन मोठे शिलालेखही होते. त्यांवर शक ११२७ आहे. कार्तवीर्य आणि त्याचा धाकटा भाऊ युवराज मल्लिकार्जुन यांच्या काळात या ‘रट्ट जिनालया’साठी शुभचंद्र भट्टारकांना दिलेल्या दानाची त्यांत नोंद आहे. सरकारी दप्तरात आयुष्य गेल्यामुळे असेल, दान कोणी दिले, कोणाच्या हाती दिले, कशासाठी दिले हे सारे इतके चोख लिहिलेले पाहून आम्हाला त्या अज्ञात लेखनिकाविषयी भाऊबंदकीच वाटते. किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. पुढे हे दोन्ही शिलालेख सातासमुद्रापार गेले आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपली कितीतरी मुले आता त्या शहरात नोकरीला असतात. त्यांच्यापैकी कोणी सुट्टीच्या दिवशी तिथे डोकावलेच, तर आपल्या गावाचे जुने नाव, वेणुग्राम, त्या दगडावर कोरलेले आहे, एवढे त्यांना आधी पत्राने कळवून ठेवावे.