तुसाची राख

मंडळी, चार वर्षांमागे आमच्या काकांनी गोठ्यापुढे गुरांसाठी पाण्याचा हौद बांधायला काढला. त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. तेव्हा बोलता बोलता त्यांना सांगितले होते की, भाताच्या तुसाची राख सिमेंटमध्ये मिसळता येते आणि तेवढे सिमेंट वाचते. एवढेच सांगितले, आणि कॉलेज उघडले म्हणून मी परत आलो. काकांनी तालुक्याच्या भातगिरणीमागच्या ढिगातून दोन पोती राख आणली आणि गवंड्याला म्हणाले, "चार घमेल्यांत एक घमेलं हिचं घाल." गवंडी म्हणाला, "काका, ही राख लई पाणी पिती." पण काकांचा पुतण्या एम. ए. झालेला! राख पाणी पीत गेली, गवंडी पाणी ओतत गेला आणि पहिल्याच उन्हाळ्यात हौद पाझरू लागला. खापर माझ्या डोक्यावर फुटले, आणि ते योग्यच झाले. मी गोष्ट अर्धीच सांगितली होती. आज ती पुरी सांगतो. मी इतिहास शिकवणारा माणूस, इंजिनियर नव्हे; पण ही गोष्ट बरीचशी इतिहासाचीच आहे.

बांधकामात राख घालण्याची कल्पना काही आजची नाही. इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओली नावाचे गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो चुना पाण्याखालीही दगडासारखा घट्ट होतो, हे रोमन लोकांना ठाऊक होते. विट्रुव्हियस नावाच्या त्यांच्या स्थापत्यकाराने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हे लिहूनही ठेवले आहे. रोममधल्या पॅन्थिऑन या देवळाचा घुमट सुमारे ४३ मीटर रुंद आहे, त्यात लोखंडाची एकही सळई नाही, आणि तो जवळजवळ १९०० वर्षे उभा आहे. पुढे इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन याने १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधले. त्यासाठी त्याने इटलीहून तसलीच राख जहाजाने मागवली होती.

आपल्याकडे ज्वालामुखी नव्हते, पण विटा होत्या. विटांचा नि कौलांचा बारीक भुगा, म्हणजे सुरखी, चुन्यात घालायची आणि बैलाच्या घाणीत ते मिश्रण दळायचे. तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी गावाबाहेर चुन्याच्या घाणीचे गोल दगडी चर नक्की पाहिले असतील. पुण्याजवळचे खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले ते दगड आणि चुना यांवरच. सुरखीबाबत जुन्या कारागिरांचा एक दंडक होता. फार भाजून काळी पडलेली, काचेसारखी झालेली वीट सुरखीला घ्यायची नाही. जरा कमी भाजलेली घ्यायची. हा दंडक ध्यानात ठेवा. काकांच्या हौदाचे कोडे त्यातच आहे.

मग सिमेंट आले. लीड्स गावच्या जोसेफ अ‍ॅस्प्डिन या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट बाहेर पडू लागले. काम जलद होऊ लागले आणि घाणी मोडीत निघाल्या. ही सोय खोटी नव्हे. तिची किंमत मात्र पुष्कळ उशिरा कळली. सिमेंटसाठी चुनखडीचा दगड भाजावा लागतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की तिच्यातला ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन उडून जातो आणि ५६ किलो चुना हाती राहतो. भट्टीला लागणाऱ्या कोळशाचा धूर निराळाच. आज जगात माणसाच्या हातून जेवढा हा वायू हवेत जातो, त्यातला सुमारे शंभरात सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा आहे.

आता तुसाकडे येऊ. भाताचे रोप जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका ओढून घेते. सिलिका म्हणजे वाळूचेच द्रव्य. ती दाण्याच्या कवचात पुष्कळ साठते. म्हणूनच तूस हाताला खरखरीत लागते आणि गुरे ते खात नाहीत. आपल्या आज्या तुसाच्या राखेने, राखुंडीने, दात घासत, त्यांनाही ही खरखर उपयोगी पडे. अजिंठ्याच्या चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे त्यातही भाताचे तूस मिसळलेले आहे. पण ते न जाळता, माती धरून ठेवण्यापुरते. जाळलेल्या तुसाची गोष्ट वेगळी. १०० किलो भात भरडले की साधारण २० किलो तूस निघते आणि तेवढे तूस जाळले की उरते सुमारे ४ किलो राख. या राखेत शेकडा ८५ ते ९५ भाग सिलिका असते. इतकी सिलिका फारच थोड्या वनस्पतींच्या राखेत सापडते.

ती सिमेंटमध्ये काय करते? सिमेंटला पाणी लागले की दोन गोष्टी तयार होतात. एक चिकट बंध, ज्याने खडी-वाळू जखडली जाते, आणि दुसरा मोकळा चुना. हा मोकळा चुना बांधकामात नुसताच पडून असतो. पाझरत्या पाण्याबरोबर तो बाहेर येतो आणि भिंतीवर पांढरे ओघळ दिसू लागतात. राखेतली सिलिका या रिकामटेकड्या चुन्याला धरते आणि त्याचाही चिकट बंध बनवते. म्हणून शंभर भाग सिमेंटमधले दहा-वीस भाग काढून तिथे चांगली राख घातली तर काँक्रीट दुबळे होत नाही. उलट पाणी कमी झिरपू देते.

"चांगली राख" म्हणालो, तिथेच सारी मेख आहे. तुसाची राख सिमेंटात वापरण्याची पेटंटे जर्मनीत १९२४ सालीच निघाली होती. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात भात पुष्कळ पिकते. तिथल्या विद्यापीठाच्या शेतीकेंद्राने १९५६ साली तुसाच्या बांधकामातील उपयोगांवर पुस्तिका काढली. तरी एकाची राख उत्तम ठरे आणि दुसऱ्याची कुचकामी. हे असे का, याचा नीट उलगडा १९७० नंतरच्या काही वर्षांत झाला, आणि त्यात मोठा वाटा कॅलिफोर्नियात बर्कली इथे शिकवणाऱ्या पी. कुमार मेहता या भारतीय वंशाच्या प्राध्यापकांचा आहे. तूस सुमारे ७०० अंश सेल्सियसच्या आत जाळले तर सिलिकेचे कण विस्कळीत राहतात आणि चुन्याशी चटकन जुळतात. आच त्याहून चढली आणि फार वेळ राहिली की त्याच सिलिकेचे स्फटिक बनतात, आणि मग ती राख म्हणजे निव्वळ वाळू. चुन्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. पुन्हा आच फारच मंद असेल तर न जळलेला कोळसा राखेत राहतो आणि तो पाणी पितो. रंगावरून पारख करू जाल तर फसाल. पांढरीशुभ्र किंवा गुलाबीसर राख पुष्कळदा जास्त भाजलेलीच असते. सुरखीच्या कारागिरांनी विटेबाबत जे ओळखले होते, तेच हे.

आपल्याकडे 'तुषाग्नि' हा शब्द आहे. कुमारिल भट्टांनी तुषाग्नीत देह ठेवला अशी परंपरा सांगते. तुसाची आग भडकत नाही, धुमसत राहते, हे त्या शब्दातच आहे. अशा आगीला हवा बेताची देऊन आच हवी तिथे धरून ठेवायची, एवढेच शास्त्रज्ञांना साधायचे होते.

त्या काळी गरजही मोठी होती. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. माझे वडील सांगत की, घराच्या ओट्यासाठी दहा पोती हवी असली तरी परमिटासाठी कचेरीत खेटे घालावे लागत. १९७९ साली पेशावरला तुसाच्या राखेच्या सिमेंटवर आशियाई देशांची एक कार्यशाळा भरली. कानपूरच्या आय. आय. टी.त प्राध्यापक कपूर यांनी जाळीच्या टोपलीत हवेसाठी नळी बसवून तूस जाळण्याची साधी भट्टी तयार केली. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आणखी एक युक्ती काढली. साखर कारखान्यातला टाकाऊ चुन्याचा गाळ आणि तूस एकत्र मळायचे, त्याच्या वड्या उन्हात वाळवायच्या, जाळायच्या आणि दळायच्या. ही भुकटी गिलाव्याला आणि वीटकामाला चालते. सळईच्या स्लॅबला नव्हे.

मग १९८२ साली नियंत्रण सैल झाले, १९८९ साली पुरते उठले. दुकानात हवे तेवढे सिमेंट मिळू लागले, आणि माझ्या मते या गावठी भट्ट्यांचे नशीब तिथेच फिरले. टंचाईने जन्मलेली विद्या मुबलकतेत मागे पडते, हे इतिहासात पुष्कळदा दिसते. तरी भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत तुसाच्या राखेला जागा मिळाली, तीही अटींसह: गुण एकसारखे हवेत आणि कामावरच्या अधिकाऱ्याची संमती हवी.

आज भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमध्ये तूस बॉयलरला जाते, आणि साखर कारखान्यात उसाचे चिपाड. लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडे किती बॉयलर पेटले याचा विचार करा. चिपाडाच्या राखेतही सिलिका असते, पण तिच्यात माती, वाळू नि अर्धे जळके तंतू मिसळलेले. ती चाळून, दळून, तपासून घ्यावी लागते. बॉयलरची आच वाफेसाठी ठेवलेली असते, राखेसाठी नव्हे. काकांनी आणलेली राख अशाच बॉयलरमधली होती, ती न दळता घातली गेली होती, आणि तिच्यापायी पाणी दुप्पट झाले होते. म्हणून स्लॅब, कॉलम, पाण्याची टाकी यांत प्रयोगशाळेतल्या चाचणीशिवाय राख घालू नका, कोणी कितीही शिकलेला सांगो.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र एक प्रयोग सुचवतो. राख खलबत्त्यात मैद्यासारखी कुटा. एक भाग भिजवलेला चुना आणि दोन भाग राख यांचा घट्ट गोळा करा. दुसरा गोळा चुना आणि बारीक वाळूचा. चुन्याला मुलांचे हात लागू देऊ नका, आणि डोळे सांभाळा. दोन्ही गोळे महिनाभर ओल्या गोणपाटात झाकून ठेवा, मग वाटीभर पाण्यात सोडा. आमच्या वर्गात आम्ही तीन गोळे केले होते. वाळूचा गोळा पाण्यात सुटला. बॉयलरच्या राखेचाही दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाशी चिखल झाला. एका मुलाने घरामागे पत्र्यावर तूस धुमसत ठेवून राख आणली होती. त्याचा गोळा अजून कपाटावर त्याच पाण्यात आहे. पुढच्या सुट्टीत तो काकांना दाखवायला नेणार आहे.