चांदीपुरा: नागपूरच्या वस्तीचे नाव ल्यालेला विषाणू

१/८
नागपुरातील एका वस्तीचे नाव जगभरातील विषाणूशास्त्राच्या ग्रंथांत आढळते: चांदीपुरा. त्या नावामागे एक जुना वैद्यकीय प्रश्न उभा आहे. तापाने फणफणलेल्या अनेक रुग्णांपैकी पुढील काही तासांत कोणाची प्रकृती ढासळेल, हे ओळखायचे कसे?

२/८
१९६५ साली नागपुरात डेंग्यू आणि चिकुनगुनियाच्या तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) रुग्णांचे रक्त तपासले. दोन रुग्णांच्या रक्तात निराळाच विषाणू सापडला. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली.

३/८
हा विषाणू रेबीजच्याच कुळातला. परंतु तो सापडला तापाच्या रुग्णांत. त्यामुळे माणसाचा मोठा शत्रू म्हणून त्याची गणना बराच काळ झाली नाही.

४/८
२००३ मध्ये चित्र पालटले. तत्कालीन आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. तपासात चांदीपुरा विषाणू आढळला. २००७ मध्ये हीच आपत्ती नागपूर विभागातील मुलांवर ओढवली.

५/८
या आजाराचा वेग भयंकर असतो. अचानक चढलेला ताप, उलट्या, झटके, हरपत जाणारी शुद्ध आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. सकाळी साधा वाटणारा ताप रात्रीपर्यंत प्राणावर बेततो. खेड्यातून शहरातील रुग्णालय गाठण्यात गेलेला प्रत्येक तास म्हणूनच मोलाचा ठरतो.

६/८
प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबणे परवडत नाही. विशिष्ट औषध वा लस आजही नाही. झटके थांबवणे, श्वास सांभाळणे आणि मेंदूवरील दाब उतरवणे हेच उपचार. म्हणजे विषाणूचे नाव कळण्याआधीच धोका ओळखावा लागतो.

७/८
त्यासाठीचे एक साधन १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे टीसडेल आणि जेनेट यांनी मांडले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण द्यायचे. एकूण ३ ते १५. लहान मुलांसाठी त्यात पुढे बदल झाले. एकदा गुण मोजून भागत नाही. दर काही वेळाने मोजल्यावर ते घसरत आहेत का, हे पाहावे लागते. त्या घसरणीतच धोक्याची पहिली खूण असते.

८/८
इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. १९६५ च्या दोन नोंदी खऱ्या होत्या. पण दोन नोंदींवरून आजाराचा स्वभाव ठरत नाही. खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरलाही एका क्षणाच्या नोंदीवर विसंबता येत नाही. २०२४ मध्ये गुजरातेत चांदीपुराची साथ आली, तेव्हाही तापलेल्या मुलाची शुद्ध पुनःपुन्हा तपासण्याला पर्याय नव्हता.