रीबॉक मानवी हक्क पुरस्कार आणि इक्बाल मसीह

सामाजिक न्यायासाठी झटणाऱ्या तरुणांना बळ देणाऱ्या पुरस्कारांत 'रीबॉक मानवी हक्क पुरस्कारा'चे स्थान वेगळे होते. बूट तयार करणाऱ्या रीबॉक ह्या अमेरिकन कंपनीच्या प्रतिष्ठानाने तो १९८८ साली सुरू केला. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला त्या वर्षी ४० वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने काढलेल्या संगीतयात्रेचा खर्चही ह्याच कंपनीने उचलला होता. ही यात्रा दिल्लीलाही आली होती. पुरस्कारासाठी वयाची मर्यादा ३० वर्षांची होती आणि हिंसेचा मार्ग स्वीकारणाऱ्यास तो मिळत नसे. पुरस्काराची रक्कम (पुढील काळात ५०,००० डॉलर) कार्यकर्त्याच्या खिशात न जाता त्याच्या कार्यासाठी दिली जाई. ही अट आम्हांस विशेष मोलाची वाटते.

ह्या पुरस्काराचे नाव आज स्मरणात आहे ते मुख्यतः एका बालकामुळे. इक्बाल मसीह हा पाकिस्तानातील पंजाब प्रांतातल्या मुरिदके येथील गरीब ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा. वयाच्या चौथ्या वर्षी, अवघ्या ६०० रुपयांच्या कर्जापोटी, त्याला गालिचे विणणाऱ्या मागावर बसविण्यात आले. ह्या आगाऊ रकमेला तिकडे 'पेशगी' म्हणतात. आपल्याकडे वीटभट्टीवर वा ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांना मुकादम जी 'उचल' देतो, तिचेच हे भावंड. अन्नाचा खर्च, चुकीबद्दलचा दंड, नवे कर्ज हे सारे मूळ रकमेत मिळवीत गेल्यामुळे ती कधी फिटत नसे.

पाकिस्तानात १९९२ साली वेठबिगारीविरोधी कायदा झाला. भारतात तो १९७६ सालीच झाला होता. कायद्याने आपण मुक्त आहोत हे इक्बालला वेठबिगार मुक्ती आघाडीच्या सभेत कळले. सुमारे दहा वर्षांच्या ह्या मुलाने मालकाकडे परत जाण्यास नकार दिला. कुपोषणाने शरीराची वाढ खुंटलेली असूनही तो सभांतून बोलू लागला आणि इतर मुलांना मागावरून उठवू लागला. डिसेंबर १९९४ मध्ये बॉस्टन येथे त्याला रीबॉकचा युवा कृती पुरस्कार देण्यात आला. ब्रँडाइस विद्यापीठाने भावी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. आपल्याला वकील व्हायचे आहे, असे तो सांगत असे.

१६ एप्रिल १९९५ रोजी, पुनरुत्थान रविवारी, गावाजवळ सायकलवरून जात असता त्याची गोळी घालून हत्या झाली. आघाडीने गालिचा उत्पादकांवर आरोप केला; पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाला मात्र तसा पुरावा आढळला नाही. हा वाद पुरता मिटलेला नाही. व्यासपीठावर गौरविलेले मूल घरी परतल्यावर त्याच्या रक्षणाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मात्र मारेकरी कोणीही असला तरी उरतोच, आणि पुरस्कार देणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो स्वतःला विचारावयास हवा.

अमेरिकेतील क्विन्सी येथील ज्या शाळेला त्याने भेट दिली होती, तिथल्या विद्यार्थ्यांनी निधी गोळा करून पाकिस्तानातील कसूर येथे त्याच्या नावाने शाळा उभी केली. ऑस्लो येथे २०१४ साली नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारताना कैलाश सत्यार्थी ह्यांनी हुतात्म्यांमध्ये इक्बालचे नाव घेतले. पाकिस्तान सरकारने 'सितारा-ए-शुजाअत' हा शौर्यसन्मान दिला तो २०२२ साली. आमच्या वसईच्या वाचकांना हा विषय परका नाही. येथील वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढलेल्या विवेक आणि विद्युल्लता पंडित ह्यांना १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल संस्थेने गौरविले होते.

आता थोडे पुरस्कारदात्या कंपनीविषयी. मानवी हक्कांचा गौरव करणाऱ्या ह्या कंपनीचे बूट आशियातील ज्या कारखान्यांत शिवले जात, तेथील कामगारांच्या स्थितीवर टीका होत असे. १९९९ साली कंपनीनेच इंडोनेशियातील दोन कारखान्यांची पाहणी करवून तेथील दोष प्रसिद्ध केले. पुरस्काराला केवळ जाहिरातबाजी म्हणणाऱ्यांनी ही नोंदही ध्यानात घ्यावी. पुढे कंपनी आदिदासच्या मालकीची झाली आणि २००७ नंतर हा पुरस्कार देण्यात आला नाही.