टेप-इको: घरगुती ध्वनितंत्राचा एक दुर्लक्षित इतिहास

गिटारच्या स्वराला प्रतिध्वनीची जोड देणाऱ्या टेप-इको या उपकरणाचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. हे यंत्र आधी कारागिराच्या टेबलावर घडले व मग कारखान्यात गेले. म्हणून घरी बांधलेल्या टेप-इकोला निव्वळ नक्कल मानणे इतिहासदृष्ट्या योग्य नाही.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या कैरो या छोट्या गावी वाद्यांचे दुकान चालविणाऱ्या रे बट्स यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतच फिरती फीत बसवून 'इकोसॉनिक' बांधले. चेट अ‍ॅटकिन्स व स्कॉटी मूर यांनी ते वाजविले. लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांचे 'कॉपीकॅट' १९५८ मध्ये आले, तर जपानच्या रोलँड कंपनीचे 'स्पेस इको' १९७४ मध्ये.

मुंबईत मात्र दूरत्वाचा आभास आधी पायी चालून साधला गेला. 'महल' (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या आरंभी आपण खोलीच्या कोपऱ्यातून मायक्रोफोनकडे गात चालत आलो, अशी आठवण लता मंगेशकर यांनी सांगितली आहे. तेथे अंतर खोलीचे होते. टेप-इकोत ते फितीचे असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ०.३ सेकंदांनी प्रतिध्वनी यावयाचा तर भिंत ५१ मीटरवर हवी. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातील भाड्याच्या खोलीत ही भिंत आणावी कोठून? सेकंदाला १९ सेंटिमीटर धावणाऱ्या मोठ्या फितीवर तेवढाच विलंब ५.७ सेंटिमीटरमध्ये मिळतो, आणि ४.७६ सेंटिमीटर गतीच्या कॅसेटवर अवघ्या १.४ सेंटिमीटरमध्ये. यंत्र आटोपशीर होण्याचे सारे रहस्य या मंद गतीत आहे.

रचना साधी आहे. फितीची टोके जोडून वेटोळे करावे. पुसणारे, नोंदणारे व ऐकविणारे हेड त्याच क्रमाने बसवावे. ऐकविलेल्या ध्वनीचा काही अंश पुन्हा नोंदणीकडे वळविला की आवर्तने वाढतात. तो अंश जास्त झाला तर यंत्र स्वतःच ओरडू लागते. मंद गतीची किंमतही मोजावी लागते: उंच स्वर बोथट होतात, आखूड वेटोळे लवकर झिजते आणि मोटर डळमळली की सूर डुलतो. हे डुलणे पुढे संगणकीय उपकरणांनी गुण म्हणून उचलले, हा इतिहासाचा गमतीदार भाग.

पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात कॅसेटमुळे उत्तर भारतातील लोकप्रिय संगीताचा बाजार कसा बदलला हे दाखविले. तेथे कॅसेट गाणे वाहून नेते; टेप-इकोत तीच वाद्याचा अवयव होते. हा दुसरा उपयोग विक्रीच्या आकड्यांत उमटत नाही. त्याचा पुरावा हेडमधील अंतर, डागकाम आणि जुन्या डेकमधून काढलेली मोटर यांतच असतो. विरारहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधता येतात. पण कॅसेट-डेक भंगारात चालले आहेत. अशा घरगुती यंत्रांची मोजमापे व आकृत्या नोंदविण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांना एकत्र करता येण्याजोगे आहे, आणि त्यास एक मोजपट्टी व एक पेचकस पुरेसा आहे.