टायगर मॉथ : एका शिकाऊ विमानाचे स्वामित्व आणि सुरक्षितता

यंत्राचा इतिहास सांगताना त्याच्या जनकाचे नाव, पहिल्या चाचणीची तारीख आणि त्याने गाजविलेला पराक्रम यांवर सामान्यतः भर दिला जातो. ते यंत्र पुढे कोणाकोणाच्या हाती गेले, प्रत्येक हाताने त्यात कोणता फेरफार केला आणि त्याची चूक शोधून दुरुस्त करण्याचे उत्तरदायित्व कोणाकडे राहिले, हे प्रश्न मात्र मागे पडतात. प्राथमिक उड्डाणशिक्षणासाठी घडविलेले 'टायगर मॉथ' हे ब्रिटिश दुपंखी विमान या प्रश्नांच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. ते सैन्यासाठी निर्माण झाले, युद्धानंतर मंडळांच्या आणि शेतीसेवकांच्या हाती गेले व शेवटी हौशी संग्राहकांची ठेव बनले. या प्रत्येक स्थित्यंतराबरोबर त्याच्या सुरक्षिततेचा अर्थही बदलत गेला.

१. पूर्वपीठिका

लंडनजवळील स्टॅग लेन येथे २२ फेब्रुवारी १९२५ रोजी जेफ्री डी हॅविलंड यांनी 'डीएच ६० मॉथ' या विमानाचे पहिले उड्डाण केले. लाकडी, हलके, दोन बैठकांचे आणि पंख मागे दुमडून लहानशा जागेत ठेवता येईल असे हे विमान मध्यमवर्गीय हौशी वैमानिकाच्या आटोक्यात यावे, हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी ब्रिटिश वायुमंत्रालयाने लंडन, लँकेशायर आदी उड्डाणमंडळांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला, आणि मॉथ हे त्या मंडळांचे स्वाभाविक वाहन ठरले. विमानाचे स्वामित्व राज्यसंस्थेच्या आणि धनिकांच्या वर्तुळातून बाहेर पडून सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाकडे आले, ही त्या काळातील महत्त्वाची घटना होय.

भारतातही हाच क्रम दिसतो. १९२८-२९ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कराची आदी ठिकाणी उड्डाणमंडळे उभी राहिली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला, तो मुंबईच्या मंडळात घेतलेल्या शिक्षणाच्या बळावर. या मंडळांतील विद्यार्थ्यांचा पहिला परिचय बहुधा मॉथ जातीच्या विमानाशीच होत असे.

२. सैन्याचे स्वामित्व आणि सुरक्षिततेची पहिली मागणी

मॉथचे रूपांतर टायगर मॉथमध्ये झाले, त्याचे कारण वेग वा सामर्थ्य हे नव्हते. ते होते अपघाताच्या वेळी बाहेर पडण्याची सोय. मॉथमध्ये पुढील बैठक वरच्या पंखाच्या मध्यभागाखाली येत असे. डोक्यावर इंधनाची टाकी व भोवती टेकू आणि तारा, अशा पिंजऱ्यातून पाठीवर हवाई छत्री बांधलेल्या शिक्षकास बाहेर उडी घेणे दुर्घट होते. वायुदलाने यावर उपाय मागितला. तेव्हा वरच्या पंखाचा मध्यभाग पुढे सरकविण्यात आला. आणि त्यामुळे बिघडलेला तोल सावरण्यासाठी पंख किंचित मागे झुकविण्यात आले. टायगर मॉथची आकृती नजरेत भरते ती या मागे झुकलेल्या पंखांमुळे. तिच्या मुळाशी सौंदर्यदृष्टी नसून शिक्षकाच्या प्राणरक्षणाची चिंता आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एंजिन उलटे बसविल्यामुळे समोरचे दृश्यही अधिक मोकळे झाले.

या नव्या विमानाचे उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी झाले. पुढे १३० अश्वशक्तीचे 'जिप्सी मेजर' एंजिन बसविलेली सुधारित आवृत्ती सर्वत्र रूढ झाली. युद्धकाळात उत्पादन हॅटफील्डहून काउली येथील मॉरिस मोटर्सच्या कारखान्याकडे गेले; कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही ही विमाने बांधली गेली. एकूण संख्या साडेआठ हजारांहून अधिक भरली. भारतात बेगमपेठ व जोधपूर येथील प्राथमिक उड्डाणशिक्षण शाळांत युद्धकाळातील वैमानिकांची पहिली पावले याच विमानात पडली.

हे विमान उडविण्यास सोपे, परंतु नीट उडविण्यास अवघड, अशी त्याची ख्याती होती. त्याला ब्रेक नव्हते. प्रोपेलर हाताने फिरवून एंजिन चालू करावे लागे. विद्यार्थी व शिक्षक यांचे संभाषण एका नळीतून चाले. विद्यार्थ्याची चूक ते झाकत नसे, पण बहुधा तिची शिक्षा प्राणांतिकही होऊ देत नसे. शिकाऊ विमानाच्या अंगी असावा असा हा दुर्मिळ गुण होय.

तथापि हा गुण विमानाच्या वजनावर व मांडणीवर अवलंबून होता. १९४० साली इंग्लंडवर आक्रमणाचे सावट असताना या शिकाऊ विमानांवर लहान बॉम्ब टांगण्याची योजना आखली गेली व त्यासाठी आधारपट्ट्या बसविण्यात आल्या. अशा वाढत्या फेरफारांबरोबर गिरकीतून विमान बाहेर काढणे कठीण जात असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. चाचण्यांनंतर १९४१ पासून शेपटीच्या आडव्या पृष्ठापुढे धडाच्या दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या जोडण्यात आल्या. ब्रिटनमध्ये त्या रूढ झाल्या. ऑस्ट्रेलियात सर्वसाधारणपणे बसविल्या गेल्या नाहीत. नेदरलंड्समध्ये युद्धोत्तर काळात शेपटीच्या उभ्या पृष्ठास वाढ देण्याचा वेगळाच मार्ग स्वीकारला गेला. म्हणजे एकाच नावाचे विमान तीन देशांत तीन स्वरूपांत उडू लागले. सुरक्षितता ही यंत्राची अंगभूत मालमत्ता नसून यंत्र आणि त्याचा नियंता यांच्या संबंधातून ती ठरते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

३. हस्तांतर आणि रूपांतर

युद्ध संपताच हजारो विमाने अतिरिक्त ठरली. ब्रिटिश वायुदलात १९५० नंतर 'चिपमंक' हे धातूचे एकपंखी शिकाऊ विमान आले आणि टायगर मॉथ स्वस्तात विक्रीस निघाले. भारतात डॉ. वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोर येथे आखलेल्या 'एचटी-२' या विमानाने ऑगस्ट १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले, आणि कालांतराने वायुसेनेतील टायगर मॉथची जागा त्याने घेतली.

नव्या स्वामींनी विमानास नवी कामे दिली. न्यूझीलंडमध्ये १९४९ पासून डोंगराळ कुरणांवर आकाशातून खत टाकण्याचा धंदा वाढला. पुढील बैठक काढून तेथे खताची पेटी बसविण्यात आली. विद्यार्थ्याच्या हलक्या हातासाठी आखलेले हे विमान आता दिवसभरात पुनःपुन्हा भार घेऊन डोंगरउतारावरून उठू लागले. खताची धूळ धातूस गंज आणू लागली. इंग्लंडमध्ये १९५७ साली धड रुंद करून चार बैठकांचे 'जॅकरू' हे रूप तयार करण्यात आले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या 'टायगर क्लब'ने हेच विमान कसरतींसाठी वापरले. सैन्यात एकाच आज्ञेने चालणारी देखभाल आता प्रत्येक मालकाच्या ऐपतीवर, कौशल्यावर आणि सचोटीवर अवलंबून राहिली.

याच काळात आणखी एक सूक्ष्म बदल घडला. सुट्या भागांची अदलाबदल सहज शक्य असल्यामुळे एका विमानाचे धड, दुसऱ्याचे पंख व तिसऱ्याचे एंजिन अशी जुळणी वारंवार होऊ लागली. अशा विमानाची ओळख कशात शोधावयाची? कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणीक्रमांकात व नोंदवहीत असते. परंतु धातूला नोंदवहीचे ज्ञान नसते. वहीत जन्मवर्ष १९४० असले तरी त्यातील एखादी तुळई किंवा सळई कोणत्या वर्षीची, तिने किती भार सोसला, हे तिचा स्वतंत्र इतिहास असल्यावाचून कळत नाही. म्हणून जुन्या विमानाच्या संशोधकास नोंदवही हे साधन म्हणून घ्यावे लागते, साक्षीदार म्हणून नव्हे.

४. दुसरे स्वामित्व : आराखड्याचे

विमानाच्या वस्तुरूप स्वामित्वाप्रमाणेच त्याच्या आराखड्याचेही स्वामित्व असते आणि उड्डाणयोग्यतेचे सूत्र त्याच्याशी बांधलेले असते. डी हॅविलंड कंपनी १९६० मध्ये हॉकर सिडली समूहात गेली. १९७७ मध्ये त्या समूहाचा विमान-व्यवसाय ब्रिटिश एरोस्पेसमध्ये विलीन झाला. पुढे या जुन्या विमानांच्या आराखड्याची जबाबदारी डी हॅविलंड सपोर्ट या लहानशा विशेष संस्थेकडे आली. मूळ अभियंते काळाच्या पडद्याआड गेले असता त्यांच्या हिशेबांमागील गृहीतके जपणे, हे अशा संस्थेचे खरे कार्य होय.

ही गृहीतके दुर्लक्षिली गेल्यास काय होते, ते १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ घडलेल्या अपघाताने दाखविले. प्रवाशाला हवाई कसरतींचा अनुभव देणाऱ्या उड्डाणात एका टायगर मॉथचा डावा पंख आकाशातच निखळला आणि विमानातील दोघेही मृत्युमुखी पडले. ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले, की धडाच्या तळातून आडव्या जाणाऱ्या आणि खालचे पंख धडाशी जोडणाऱ्या दोन्ही ताणसळया आट्यांच्या भागात तुटल्या होत्या. धातूच्या शिणवट्याने तेथे आधीपासूनच भेगा पडत आल्या होत्या. या सळया मूळ निर्मात्याच्या नव्हत्या. स्थानिक मान्यतेने बनविलेल्या त्या बदली होत्या, आणि अशा सळयांसाठी ठरविलेली सेवामर्यादा पुरी होण्यापूर्वीच त्या निकामी झाल्या.

या घटनेचा अर्थ 'जुने विमान धोक्याचे असते' एवढाच काढणे उथळपणाचे होईल. तुटलेला भाग मूळ विमानाच्या तुलनेत नवा होता. त्यास मान्यता होती, तो बदलण्याची मुदतही ठरलेली होती. कागदोपत्री सर्व साखळी अखंड दिसत असता तिच्यातील एक दुवा ज्ञानाच्या दृष्टीने तुटलेला होता. मूळ सळईची जी सहनशक्ती अनुभवाने सिद्ध झाली होती, ती बदली सळईसही लाभली आहे असे मानले गेले. आकाराचे अनुकरण झाले, अनुभवाचे होऊ शकले नाही. पहिल्या आराखड्यात शिक्षकाला बाहेर पडता यावे म्हणून पंख हलविणारी जी जागरूकता होती, तिचा वारसा आराखड्याच्या कागदांबरोबर आपोआप पुढे जात नाही.

५. निष्कर्ष

२०१२ साली भारतीय वायुसेनेच्या स्थापनादिनी हिंडन येथे पुनरुज्जीवित टायगर मॉथने आकाशात भरारी घेतली, तेव्हा प्रेक्षकांना दिसले ते एक पिवळे दुपंखी विमान. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यामागे तीन परंपरा दिसावयास हव्यात : वस्तूच्या स्वामित्वाची, आराखड्याच्या स्वामित्वाची आणि चुकांतून मिळालेल्या ज्ञानाची. पहिल्या दोन परंपरा खरेदीखताने आणि कराराने हस्तांतरित होतात. तिसरीसाठी असे खत नाही. प्रत्येक पिढीने ती अपघातांच्या अहवालांतून, कारागिरांच्या स्मृतीतून आणि प्रत्यक्ष चाचणीतून पुन्हा संपादन करावी लागते. टायगर मॉथच्या इतिहासात ज्या ज्या वेळी ही तिसरी परंपरा पहिल्या दोहोंच्या मागे पडली, त्या त्या वेळी तिची किंमत विमानात बसलेल्या माणसांनी चुकविली आहे.