भीमा-नीरेच्या पाण्यातली वीज

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोघींची गाठ पडते नीरा नरसिंहपूरला. मधला वरकुटे बुद्रुक, वरकुटे खुर्द यांसारख्या गावांचा मुलूख मात्र पर्जन्यछायेतला. इथली शेती सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाच्या जिवावर. त्या पावसात वीज किती, याचा हिशेब शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर मांडला गेला आणि भीमेच्या पाण्याची वाटणीच बदलली.

हिशेब दोन गोष्टींचा: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते. मोजणीसाठी नदीचा सरळ पट्टा निवडायचा, काठावर दोन खुणा रोवायच्या, वरच्या खुणेपाशी लाकडी तरंगा सोडायचा आणि तो खालच्या खुणेला किती सेकंदांत पोचतो ते पाहायचे. तळाचे पाणी सावकाश वाहते, म्हणून आलेला वेग सुमारे १५ टक्क्यांनी कमी धरायचा. त्याला पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले की विसर्ग मिळतो. सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली आले, तर त्यात ९.८ किलोवॉट शक्ती असते. तेच पाणी ३० मीटरच्या धरणावरून पडले तर २९४ किलोवॉट, ५०० मीटरच्या कड्यावरून पडले तर ४,९००. यंत्रातली घट वेगळी.

आकड्यांतला हा फरकच टाटांच्या जलविद्युत योजनेचा पाया होता. भीमेला मिळणाऱ्या इंद्रायणीच्या उगमाजवळ लोणावळा आणि वळवणचे तलाव बांधून पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेला वळवले गेले. १९११ मध्ये कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ मध्ये भिवपुरीचे, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. भिऱ्यासाठी मुळशीत धरण आले आणि १९२१ मध्ये मावळातले शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उतरले. किलोवॉटच्या त्या हिशेबात बुडणाऱ्या भातखाचरांना जागा नव्हती. पुढे कृष्णा पाणीतंटा लवादाने या योजनेसाठी वर्षाला सरासरी ४२.६ टीएमसी पाणी पश्चिमेकडे नेण्यास मान्यता दिली.

पाण्यातल्या विजेची देशभरची पाहणी १९१८ मध्ये सुरू झाली. जे. डब्ल्यू. मीअर्स या अभियंत्याचा तीत मोठा वाटा होता. १९७८ ते १९८७ मधल्या फेरपाहणीत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने देशाची जलविद्युत क्षमता सुमारे १,४८,७०० मेगावॉट ठरवली.

नीरेचा हिशेब वेगळा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ पासून बारामती-इंदापूरकडे पाणी येऊ लागले. त्याला पुरवठा भाटघर धरणाचा. इथे आधी शेत, मग वीज. भाटघरचे १६ आणि वीर धरणाचे ९ मेगावॉटचे वीजघर मुख्यतः सिंचनासाठी सोडलेल्या पाण्यावर चालते. आवर्तन सुटले की जनित्र फिरते. आवर्तन नसेल तर धरण भरलेले असूनही वीज जेमतेम. त्यामुळे अशा जागी क्षमता मोजताना नदीच्या विसर्गाइतकेच पाळ्यांचे वेळापत्रकही पाहावे लागते.

भीमेवर उजनीला १२ मेगावॉटचा उदंचन संच आहे. वीज बनवून खाली आलेले पाणी हाच संच, गरजेपेक्षा जास्त वीज उपलब्ध असताना, उलटा फिरून पुन्हा जलाशयात चढवू शकतो. चढवायला लागणारी वीज परत मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते, पण ऐन मागणीच्या वेळी हाताशी असलेल्या विजेचे मोल मोठे. शिवाय ते पाणी शेतीसाठी धरणातच राहते.