सरहिंदच्या वाटेवर

आम्ही या नगरात राहावयास आलो तेव्हा येथे इतिहास नाही असे जो तो सांगे, आणि आम्हालाही ते सहज पटे. ज्या शहराची कोनशिला १९५२ साली बसली त्याला भूतकाळ तो कोठून असावयाचा? सरळ रेषेतील रस्ते, आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर, ल कॉर्बुझिए यांनी उभारलेली उघड्या काँक्रीटची प्रचंड भवने. ना गावाला वेस, ना पिंपळाचा पार. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना सिंहगड, प्रतापगड दाखवून आणावे आणि परतीच्या गाडीत मुलांनी विचारावे, "आपल्या चंदीगडला किल्ला का नाही?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नसे. पुढे मंडळाच्या हिवाळी सहली सुरू झाल्या. दशम्या, चटणी आणि संक्रांतीचा तिळगूळ बरोबर घेऊन आम्ही आसपासच्या खेड्यापाड्यांतून हिंडू लागलो, आणि आमचे अज्ञान हळूहळू उघडे पडू लागले.

पहिली चूक तर घराजवळच दुरुस्त झाली. या नव्या नगराला नाव मिळाले ते कालक्याच्या रस्त्यावरील चंडीच्या जुन्या देवळावरून. म्हणजे ग्रामदैवत होते, आम्हीच दर्शनाला गेलो नव्हतो! ज्या सेक्टर १७ मध्ये आपण दिवाळीची खरेदी करतो, तेथे बांधकामासाठी खोदताना हडप्पाकालीन अवशेष निघाले होते, हेही आम्हाला फार उशिरा कळले.

सुखना तलाव आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा. शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणाऱ्या सुखना चो या पावसाळी ओढ्याला बांध घालून १९५८ साली तो निर्माण केला गेला. चो म्हणजे आठ महिने कोरडा आणि पावसाळ्यात बेभान होणारा ओढा. तो वाहून आणीत असलेल्या मातीने तलाव पाहता पाहता गाळाने भरू लागला. टेकड्या उघड्याबोडक्या होत्या. त्यांवर झाडे लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. पाणलोटात वनीकरण झाले, छोटे बंधारे पडले आणि गाळ अडविण्यासाठी केलेल्या या खटपटीतून एक अरण्य उभे राहिले. १९९८ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. क्षेत्र सुमारे २६ चौरस किलोमीटर. एका पौषातील पहाटे आम्ही बंधाऱ्याकडे चाललो असता धुक्यातून एक भला थोरला सांबर नर वाटेवर येऊन उभा राहिला. शिंगांवर दवाचे थेंब होते. आमच्यातील एका वहिनींनी त्याला नीलगाय ठरविले, दुसऱ्या कोणी बारशिंगा म्हटले. तो मात्र आमचा वाद संपण्याची वाट न पाहता शांतपणे झाडीत शिरला. तलावावर हिवाळ्यात हिमालय ओलांडून बदके उतरतात, त्यांत केशरी-तांबूस रंगाची एक जोडी दिसली. येथील लोक या पक्ष्याला सुरखाब म्हणतात. हा आपल्या संस्कृत काव्यातील चक्रवाक, हे सांगितल्यावर मुलांना विशेष वाटले नाही. आम्हाला मात्र शाळेतील विरही जोडपे प्रत्यक्ष भेटल्यासारखे झाले.

याच गाळाच्या प्रश्नातून पिंजोरजवळच्या सुखोमाजरी या लहानशा खेड्याचे नाव झाले. १९७० नंतरच्या दशकात पी. आर. मिश्र या मृदासंधारण-शास्त्रज्ञांनी तेथील गावकऱ्यांना मातीचे छोटे बांध घालून दिले. पाण्याचा वाटा सर्वांना, त्याच्या बदल्यात डोंगरावर शेळ्यामेंढ्यांची मोकाट चराई बंद. कुंपण घालावे लागले नाही. गावानेच डोंगर राखला. राळेगण सिद्धीची कथा आपल्याला मुखोद्गत असते. तिची ही उत्तरेकडील सख्खी बहीण आमच्या दारात होती आणि आम्हाला तिचा पत्ता नव्हता.

पिंजोरला आपण सारेच जातो. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात वसविलेली ही बाग. लाहोरच्या बादशाही मशिदीचे बांधकाम ज्याच्या देखरेखीखाली झाले तोच हा फिदाई खान. बागेच्या सात पायऱ्या आहेत, पण प्रवेश सर्वांत वरच्या पायरीवर होतो. दरवाजातून आत शिरल्यावर पाणी आपल्यापुढे खाली खाली उतरत जाते आणि मागाहून येणाऱ्या माणसाला पुढच्याचे केवळ मस्तक दिसते. सपाट पंजाबातून आलेल्या पाहुण्याला चकित करण्याची ही युक्ती अजूनही साधते. या बागेची एक आख्यायिका सांगतात. खान येथे राहू लागला हे आसपासच्या डोंगरी राजांना रुचले नाही. त्यांनी गलगंड झालेल्या बायका शोधून शोधून जनानखान्यात चाकरीला पाठविल्या आणि येथील पाण्यानेच हा रोग जडतो असे बेगमांच्या मनावर ठसविले. बेगमा घाबरल्या, बिऱ्हाड उठले. लढाईवाचून गड घेण्याचा हा प्रकार आमच्या महाराष्ट्रीय मनाला फारच भावला. पुढे हा मुलूख पतियाळा संस्थानाकडे गेला. महाराजा यादविंद्रसिंह यांचे नाव आज बागेला आहे.

परंतु बागेच्या भिंतीला लागूनच जे आहे, तिकडे आम्ही कितीतरी वर्षे फिरकलोही नव्हतो. तेथे भीमादेवीच्या मंदिराचे अवशेष आहेत. मंदिर पंचायतन पद्धतीचे, आठव्या ते अकराव्या शतकांच्या दरम्यानचे. आज उरला आहे तो केवळ चौथरा आणि त्याभोवती मांडून ठेवलेल्या शेकडो कोरीव शिळा: वादक, नर्तकी, मिथुने, भग्न गणेश. येथील काही कोरीव दगड बागेच्याच बांधकामात खपले, असे मानतात. म्हणजे ज्या बागेत आम्ही वर्षानुवर्षे सतरंज्या अंथरून भेळ कालविली, तिच्या भिंतींत एक देऊळ चिणलेले असावे. त्या दिवशी भेळ कोणाला फारशी गोड लागली नाही. पण बाग सुंदर नाही असेही कोणी म्हणू शकले नाही. इतिहासाने एकाच जागी दोन गोष्टी ठेवल्या असताना त्यांतील एकच पाहण्याचा हट्ट धरू नये, एवढे आम्ही मुलांना सांगितले.

पिंजोरच्याच परिसरात बीर शिकारगाह नावाचे अभयारण्य आहे. एके काळी नावाप्रमाणे मृगयेचे रान असलेली ही जागा. आज तेथे गिधाडे जगविली जातात. १९९० नंतर देशभरातील गिधाडे पटापट मरू लागली. कारण निघाले ते गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे. औषध दिलेले जनावर मेले की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. आपल्या मुंबईची १८८३ सालची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचे वनखाते यांनी २००१ साली येथे शुश्रूषा केंद्र काढले. पुढे त्याचे जटायू संवर्धन प्रजनन केंद्र झाले. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे हे काम पिढ्यांचे आहे. आम्हाला आत प्रवेश मिळाला नाही, आणि तो नाही हेच योग्य. मलबार टेकडीवरील पारशी दख्म्यांवर गिधाडे उतरेनाशी झाली हे वाचून हळहळलेली आमच्यातील मुंबईकर मंडळी मात्र रस्त्यावरूनच त्या झाडीकडे बराच वेळ पाहत राहिली.

संघोलविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ते प्रत्यक्ष पाहावे असे आहे. लुधियानाच्या रस्त्यावरील या खेड्यात बौद्ध स्तूप आहे. १९८५ साली तेथे एका खड्ड्यात मथुरा शैलीची कुषाणकालीन ११७ शिल्पे सापडली. स्तूपाचा कठडा कोणीतरी खांबामागून खांब उतरवून नीट रचून पुरून ठेवला होता. कोणत्या संकटाच्या भयाने, ते कळत नाही; पण दगड मोडणाऱ्यांबरोबर दगड लपविणारेही असतात, याचा तो पुरावा आहे.

आता सरहिंद. या गावी जाण्याचा आग्रह आमचाच होता, आणि त्यामागील हेतू काही निर्मळ नव्हता. मंडळाच्या प्रत्येक समारंभात 'अटकेपार झेंडे' हे शब्द एकदा तरी उच्चारले जातात. मार्च १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या सेनेने शीख आणि अदीना बेग यांच्या साहाय्याने सरहिंद घेतले, अब्दालीचा सुभेदार अब्दुस समद खान कैद झाला, आणि तेथूनच पुढे लाहोर व अटकेची वाट मोकळी झाली. तेव्हा या ठिकाणी आपल्या पूर्वजांची काहीतरी खूण असेल, निदान एखादा बुरूज, एखादे शिवमंदिर, एखादी समाधी, अशा आशेने आम्ही निघालो होतो.

असे काहीही मिळाले नाही. मराठे येथे राहावयास आले नव्हते. सरहिंद घेतल्यावर मराठे व शीख या दोघांनी मिळून ते लुटले, एवढीच आमची तेथील नोंद. पुढल्या वर्षी अब्दाली परतला आणि १४ जानेवारी १७६१ला पानिपत झाले. ते सांगावयास नको. सरहिंदच्या नशिबी त्याआधी आणि त्यानंतरही घाव होतेच. गुरु गोविंदसिंहांच्या दोन कोवळ्या पुत्रांना येथे भिंतीत चिणण्यात आले. १७१० साली बंदा बहादुराने आजच्या मोहालीलगत चप्पडचिडी येथे सुभेदार वजीर खानाला मारून शहर उद्ध्वस्त केले. हा बंदा मूळचा माधोदास बैरागी, आणि १७०८ साली गुरूंची व त्याची भेट झाली ती आपल्या नांदेडला, गोदावरीच्या काठी. १७६४ मध्ये शिखांनी सरहिंद पुन्हा पाडले. त्यानंतर दीर्घकाळ येथून जाणारा शीख यात्रेकरू एक वीट उचलून सतलजेत टाकीत असे. एक साम्राज्याचे नगर विटेविटेने नदीत गेले.

या विध्वंसातून जे राहिले ते पाहून मन थक्क होते. फतेहगढ साहिबचा शुभ्र गुरुद्वारा आणि त्याच्या अगदी निकट शेख अहमद सरहिंदी यांचा रौजा. दोन्हीकडे भाविकांची वर्दळ, आणि शेजाराचा कोणाला त्रास नाही. आम-खास बागेत मोगलांचे हमाम, आणि उन्हाळ्यात गारवा राखण्यासाठी पाणी खेळविलेली 'सर्दखाना' नावाची इमारत. इंजिनियर मंडळी तेथे तासभर नळांचे उतार मोजीत बसली व जेवणाची वेळ टळून गेली.

परतताना तलानिया या खेड्याजवळ गव्हाच्या हिरव्या शेतांत दोन घुमट दिसले, म्हणून बस थांबविली. एक उस्तादाचा मकबरा, दुसरा शागिर्दाचा. लोक म्हणतात, दोघेही इमारती बांधणारे. राजे आणि पीर यांच्या कबरी आम्ही पुष्कळ पाहिल्या. गवंड्यांच्या गुरुशिष्यांसाठी उभारलेले असे घुमट हे पहिलेच. शागिर्दाच्या मकबऱ्यात आतील चुन्यावर फुलांची रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे. ती पाहण्यासाठी आम्ही मान वर केली, तर कमानीच्या फटीतून पिंगळ्यांची एक जोडी आमच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी रागाने पाहत होती. घर त्यांचे होते. आम्ही आवाज न करता बाहेर आलो.

शेजारी एक गुऱ्हाळ चालू होते. कढईपाशी बसलेल्या वृद्ध सरदारजींनी आम्हा सर्वांना ताज्या गरम गुळाचे खडे दिले आणि कोठून आलात असे विचारले. महाराष्ट्राचे नाव निघताच आमच्यातील एकाने मोठ्या उमेदीने १७५८ची कथा सुरू केली. सरदारजींनी ती सभ्यपणे ऐकून घेतली. रघुनाथराव त्यांच्या ऐकिवात नव्हते. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "महाराष्ट्र म्हणजे हजूर साहिब! नांदेड!" असे म्हणत त्यांनी हात जोडले. ते स्वतः एकदा जाऊन आले होते, त्यांच्या आई तर दोनदा. गुळाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आमच्यापाशी डब्यात तिळगूळ उरला होता, तो त्यांच्या हातावर ठेवून आम्ही बसमध्ये चढलो.